मेलेल्या उमाजीचा ढोल

१

परभणीच्या जिल्हा लोककला कोशाच्या कचेरीत त्या सकाळी एक मेलेला माणूस सापडला. कपाटात किंवा टेबलाखाली नव्हे, तर छापखान्यातून तपासणीसाठी आलेल्या पानावर, डाव्या स्तंभात, अगदी मधोमध. वालूरचे किशनराव त्याच्या नावावर बोट रोवून उभे होते.

"हा उमाजी मरून वीस वर्सं झाली," किशनराव म्हणाले. "मी सोता त्याच्या मातीला होतो. अन् तुमचा कोश म्हंतो, मागल्या साली यात्रेत ह्यानं ढोल वाजवला."

किशनराव म्हणजे वालूरचे मोठे शेतकरी आणि कोशाच्या सल्लागार मंडळातले एक. कोशाचे मुख्य संपादक आबासाहेब यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नर्मदाबाईंकडे पाहिलं. अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असली की आबासाहेबांना चष्मा पुसावा लागे, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

नर्मदाबाई पाठक कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. इतरांनी लिहिलेल्या नोंदी तपासायच्या, सुधारायच्या, हे आता त्यांचं काम. तांबडी पेन्सिल घेऊन बसत आणि समासात एकच शब्द लिहीत: 'कशावरून?' 'हे गायक पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत.' कशावरून? 'ही कला फार प्राचीन आहे.' कशावरून? जिल्ह्यातले निम्मे लेखक त्या पेन्सिलीला टरकून असत आणि उरलेल्यांनी लिहायचंच सोडलं होतं.

वालूरच्या ढोल-झांज वाजवणाऱ्यांच्या ताफ्याची नोंद लिहिली होती बन्सीधरनं. हा कचेरीतला तरुण मदतनीस, टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावोगाव हिंडणारा. पहिल्यांदा त्यानं जेमतेम चार ओळी आणल्या होत्या. बाईंनी त्याला परत पाठवलं, पुन्हा पाठवलं, तेव्हा कुठं त्या चार ओळींचं भरलेलं पान झालं. मेंढरं राखणाऱ्या घरांतली ही माणसं काय वाजवायचं ते आधी कधीच ठरवत नाहीत. ढोल सुरू होतो, झांज त्याला उत्तर देते, पावा मधूनच वाट काढत येतो, कुणाला तरी ओवी सुचते, आणि मग ते कुठवर जाईल ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं. आजचं उद्या नाही. म्हणूनच आसपासच्या गावांत लोक त्यांच्या कॅसेटी जपून ठेवतात, एकमेकांच्या उतरवून घेतात, आणि पाथरीला वाजवलेलं सरस की सेलूला वाजवलेलं यावरून पारावर हमरीतुमरीवर येतात. हे सगळं बन्सीधरनं नीट टिपलं होतं. आणि ढोलाचा प्रमुख म्हणून लिहिलं होतं: उमाजी.

कोशाच्या पहिल्या खंडात एक अस्तित्वातच नसलेला शाहीर छापला गेला होता आणि वर्तमानपत्रांनी कचेरीची यथेच्छ टिंगल केली होती. आबासाहेब त्या दुधानं पोळलेले. त्यांनी निकाल देऊन टाकला. सोमवारी पानं छपाईला जातील. तोवर पुरावा आला तर ठीक, नाहीतर नोंद गाळायची. आणि नोंद गळाली तर बन्सीधरनं दुसरी नोकरी पाहावी, कारण खोटं लिहिणारा माणूस कोशाला परवडत नाही.

बन्सीधर पुढं आला. त्यानं एवढंच म्हटलं, की त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तेच नाव आपण लिहिलं आणि ते टेपवर आहे. नर्मदाबाईंना हा पोरगा खोटं बोलणार नाही याची खात्री होती. पण खात्री हा पुरावा नव्हे, हेही जन्मभर त्यांनीच दुसऱ्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं सेलूच्या गाडीत बसली.

२

नामांतराची वर्षं होती. सेलूला उतरली तर विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा निघालेला, एसटी स्टँडातच अडकलेली. सगळा मराठवाडा एका नावासाठी भांडत होता आणि बाई दुसऱ्याच एका नावामागं खासगी जीपमधून वालूरला निघाल्या होत्या. ही नोंद गळावी असं कुणाला वाटत असेल, म्हणून वाटेत त्यांनी मनात दोन माणसं बाजूला काढून ठेवली.

पहिले किशनराव. आपल्या गावच्या भजनी मंडळाची नोंद कोशात यावी म्हणून ते वर्षभर मागं लागले होते. ताफ्याचं पान रिकामं झालं तर भजनी मंडळाला आयती जागा. दुसरा मुंजाजी, ताफ्यात ओव्या म्हणणारा. नोंदीत प्रमुख म्हणून उमाजीचं नाव आणि मुंजाजी आपला इतरांच्या गर्दीत. असल्या गोष्टी माणसाला आतून पोखरतात, हे मुख्याध्यापिकेला सांगायला नको.

मुंजाजी मोंढ्यात सरकीची पोती उचलताना सापडला. मोकळा, हसरा गडी. मेंढरंवाले गडी पाऊस लागेपर्यंत रानोमाळ फिरतात, आपली मेंढरं नाहीत म्हणून आपण गावात हमालीवर, असं त्यानं सांगितलं. कोशात प्रमुख कोण लिहिलंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. आपलं नाव पुस्तकात आहे हेच तो पहिल्यांदा ऐकत होता आणि त्यानं ते शेजारच्या हमालालाही लगेच सांगून टाकलं. बाईंनी मनातल्या यादीतून एक नाव खोडलं.

मग त्यांनी उमाजीबद्दल विचारलं.

"उमाजीआबा व्हते की," मुंजाजी म्हणाला. "ताफा त्यांनीच उभा केला. गेले ते. मी लहान व्हतो."

"आता ताफ्यात कुणी उमाजी आहे?"

"न्हाई, बाई. आमच्यात उमाजी नावाचं कुणीच न्हाई."

बन्सीधरनं घाईघाईनं पोत्यावर टेप मांडला आणि बटण दाबलं. आधी यात्रेचा गलका ऐकू आला. मग बन्सीधरचाच आवाज: "आपलं नाव?" आणि त्यावर एक कोवळा, पण ठाम आवाज: "उमाजी." लगेच ढोल सुरू झाला.

मुंजाजी हसायला लागला, आणि बाईंचा चेहरा पाहून थांबला.

"हा आवाज येडबाचा हाय," तो म्हणाला. "उमाजीआबाचा नातू. पर त्यानं आपलं नाव आसं कामून सांगितलं?"

३

म्हणजे किशनरावांचं खरं निघालं. येडबानं मेलेल्या आजाचं नाव आपलं म्हणून सांगितलं होतं आणि बन्सीधरनं ते डोळे मिटून लिहिलं होतं. बन्सीधर टेप आवरू लागला. घरी काय सांगू, म्हणाला. बाईंना त्याची कीव आली आणि रागही आला, कारण इतक्या सोप्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

माणूस मोठं नाव चोरतो ते कुणाला तरी फसवायला. यात्रेत सगळं गाव भोवती उभं. प्रत्येक जण येडबाला ओळखणारा. तिथं फसणार कोण? आणि फसवायचंच होतं तर तो इतक्या सहज, न अडखळता बोलला कसा? बाईंनी ठरवलं, घर पाहायचं.

येडबा आणि त्याचा बाप आश्रुबा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेले होते. आज या शिवारात, उद्या त्या. त्यांना गाठणं सोमवारच्या आत शक्य नव्हतं. घरी होत्या दोघी जणी. येडबाची आजी कासाबाई आणि आई केवळाबाई.

कासाबाई बोलायला लागली की थांबायची नाही. झांज कुणाची, पावा कुणाचा, कुणी कधी ताल चुकवला आणि कोण रुसून बसलं, एकेकाचं नाव घेऊन तिनं सांगितलं. बन्सीधरचा हात लिहून दुखला. मग बाईंनी विचारलं, की पूर्वी ढोल कोण वाजवायचं.

"घरातलेच," कासाबाई म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

कासाबाईनं पदर पुढं ओढला. इतका वेळ भरभरून बोलणारी बाई एकदम मुकी झाली. बाईंनी जरा पुढं रेटलं. "उमाजी म्हणून कुणी..." एवढं म्हणेपर्यंत म्हातारी उठली आणि कोकरं बघायला म्हणून घरामागं निघून गेली. केवळाबाई चुलीकडं तोंड करून बसली.

"तुमच्या मुलाचं नाव काय?" बाईंनी तिला विचारलं.

"येडबाच म्हंतो आमी."

बन्सीधर कानाशी लागला. या दोघींना सगळं माहीत आहे, म्हणाला, पोराची लबाडी झाकायलात. दिसत तर तसंच होतं. उठून जावं असं बाईंच्या मनात आलं. पण केवळाबाईनं चहा पुढं केला होता आणि पाहुण्यानं चहा टाकून जायची रीत नाही. केवळाबाईलाही पाहुणीला असं कोरडं बसवणं जड गेलं असावं. ती जवळ सरकली आणि बायका बोलतात तसं बोलू लागली. लेकरं किती, कुठं असतात, मालक काय करायचे.

"शाळातपासणीस होते," बाई म्हणाल्या. "गेले सहा वर्षांपूर्वी."

"नाव काय वो त्यांचं?"

"पाठक सर म्हणायचे सगळे."

"ते आडनाव झालं. नाव?"

नर्मदाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बशी हातात राहिली. एम.ए. झालेल्या, सभांतून भाषणं केलेल्या, मुलींना 'कशाला घाबरू नका' म्हणून बजावणाऱ्या या बाईंच्या एकदम ध्यानात आलं, की नवऱ्याचं नाव आपण आयुष्यात कैक अर्जांवर लिहिलं, पण जिभेवर कधी घेतलंच नाही. ठरवून नव्हे. ओठ तिकडं वळतच नाहीत. सासू घ्यायची नाही, आई घ्यायची नाही, आपणही नाही.

त्यांनी घरामागं पाहिलं. कासाबाई एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. उमाजी तिचा नवरा. उमाजी या केवळाबाईचा सासरा. या दोघी काहीएक लपवत नव्हत्या. त्यांना ते नाव घेताच येत नव्हतं.

बाईंनी बशी खाली ठेवली. "केवळाबाई, एकच सांगा. येडबाच्या बारशाला नाव कुणी ठेवलं?"

"त्याच्या आत्यानं. सरजावन्संनी. चारठाण्याला दिल्यात त्या."

"बन्सीधर," नर्मदाबाई उठत म्हणाल्या, "जीपवाल्याला थांबव."

४

जीपमध्ये बन्सीधरनं चार वेळा विचारलं आणि बाईंनी चारही वेळा त्याला गप्प बसवलं. आपला तर्क आधी याला सांगितला तर हा तिथं जाऊन तोच प्रश्न विचारील आणि तेच उत्तर काढील, ही त्यांची भीती. साक्ष घ्यायची तर ती कोरी हवी. त्यांनी फक्त एवढी ताकीद दिली, की मी सांगेपर्यंत टेपला हात लावायचा नाही आणि उमाजी हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

चारठाण्यात जुन्या देवळाच्या पलीकडं सरजाबाईचं घर. ती ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. वालूरहून आलो, तुमच्या आईला भेटून आलो, म्हटल्यावर तिनं सूप बाजूला केलं आणि पाणी आणलं. बाईंनी पाणी पिऊन होईपर्यंत दम धरला.

"तुमच्या वडलांचं नाव काय?"

"उमाजी," सरजाबाई ताडकन म्हणाली. बापाचं नाव घ्यायला लेकीला कसली आडकाठी?

"आणि भाच्याचं? आश्रुबाच्या मुलाचं?"

"त्याचंबी उमाजीच."

बन्सीधर उभा राहिला. बाईंनी त्याला हातानं खाली बसवलं आणि सरजाबाईला सगळं सांगायला लावलं. तिला कुणी सांगायला लावायची गरजच नव्हती.

"बाप गेला अन् वरसाच्या आत वयनीला पोरगं झालं. आधीची दोन ऱ्हायली नव्हती. मी बारशाला गेले, मांडीवर घेतलं अन् कानात बापाचंच नाव सांगितलं. बाप आला म्हनलं परत. आता माझी आई ते नाव कसं घील? नवऱ्याचं हाय. वयनी कसं घील? सासऱ्याचं हाय. मग दोघींनी येडबा धरलं. दृष्टबी लागत न्हाई आसल्या नावाला. घरातल्या बायका हाक मारतील तेच गाव मारतं. पर मी त्याला बजावलंय. परक्या मानसानं नाव इचारलं तर मी ठिवलेलं सांगायचं."

आता बाईंनी मान हलवली आणि बन्सीधरनं बटण दाबलं. यात्रेचा गलका. आपलं नाव? उमाजी.

"ह्यो माझा भाचा," सरजाबाई म्हणाली. तिनं टेप बंद करू दिला नाही. ढोल कुठून कुठं चालला होता, मध्येच झांजेला डिवचत होता, थांबतोय असं वाटेपर्यंत पुन्हा उसळत होता. बापाचं वाजवणं जरा ठाय होतं, हा पोरगा लय घाई करतो, असं ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली. बन्सीधरही नाक ओढत होता. बाईंनाही गहिवरून आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

५

सोमवारी आबासाहेबांच्या टेबलासमोर किशनराव बसले होते. नर्मदाबाईंनी आधी बन्सीधरला खुर्ची द्यायला लावली, मग बोलायला सुरुवात केली.

टेपवरचा आवाज येडबाचा, हे मुंजाजीनं ओळखलं आणि आत्यानंही. म्हणजे माणूस एकच. येडबाचं बारशातलं नाव उमाजी, हे जिनं ते नाव ठेवलं तिनं टेप ऐकण्याच्या आधी, कशासाठी विचारतोय हे माहीत नसताना सांगितलं. घरातल्या दोघी गप्प राहिल्या, कारण एकीच्या नवऱ्याचं ते नाव आणि दुसरीच्या सासऱ्याचं. त्यांच्या गप्प राहण्यानंच पोराला दुसरं नाव मिळालं आणि त्या दुसऱ्या नावाखाली पहिलं नाव गावाच्याही लक्षातून गेलं. कुणी कुणाला फसवलं नाही. चूक झाली ती नोंदीत. ताफा उभा करणारा उमाजी आणि आज ढोल वाजवणारा उमाजी ही दोन माणसं आहेत, हे नोंदीनं सांगितलंच नव्हतं.

आबासाहेबांनी चष्म्याला हात घातला, पण तो पुसला नाही. किशनरावांनी पान आपल्याकडं ओढलं.

"म्हंजे मी मातीला होतो ते खरं," ते म्हणाले.

"खरं."

"अन् यात्रेत वाजला तोबी उमाजीच."

"तोही खरा."

किशनराव हसले. आमाला त्यांच्या बारशाचं बोलावणं कुठलं येतंय, म्हणाले, पण हसता हसता त्यांचा स्वर बदलला. त्यांच्या लहानपणी थोरल्या उमाजीची मेंढरं त्यांच्याच रानात खतासाठी बसायची. दिवस मावळला की उमाजी बांधावर ढोल घेऊन बसायचा आणि किशनराव जेवण टाकून पळायचे. एकदा मेंढरं उठून चालू लागली, त्यांच्या पायांच्या आवाजावरच त्यानं ताल धरला आणि कळप थांबेपर्यंत सोडला नाही. हे बाईंनी लिहून घ्यायला सांगितलं. आबासाहेबांनी सवयीनं विचारलं, कशावरून?

"मी ऐकलंय की," किशनराव म्हणाले. "माझंच नाव घाला."

नर्मदाबाईंना आपली लाज वाटली. भजनी मंडळासाठी हा माणूस डाव खेळतोय असं त्यांनी दोन दिवस मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्याला खटकलं होतं ते एवढंच, की ज्याच्या मातीला आपण गेलो त्याला पुस्तकानं जिवंत म्हणू नये. बाईंनी त्यांना तसं तोंडावर सांगून टाकलं. किशनरावांनी मनावर घेतलं नाही. भजनी मंडळाचं मात्र बघा, एवढं म्हणाले.

दुपारी नोंद छपाईला गेली ती आधीपेक्षा दीडपट होऊन. संस्थापक उमाजी. सध्याचे प्रमुख त्यांचे नातू उमाजी, घरात व गावात येडबा या नावानं परिचित. नाव ठेवणाऱ्या सरजाबाई. मेंढरांच्या चालीवर धरलेला ताल, आठवण किशनरावांची. आबासाहेबांनी बन्सीधरला नव्या खंडासाठी जिंतूरकडं पाठवायचं ठरवलं आणि त्याला टेपसाठी नव्या बॅटऱ्या घेऊन दिल्या.

खंड बांधून आला तेव्हा मेंढरं गावात परतली होती. नर्मदाबाई पुस्तक घेऊन वालूरला गेल्या. येडबानं पान पाहिलं, लाजला आणि ढोलाची दोरी आवळायला निघून गेला. कासाबाई बाईंच्या शेजारी येऊन टेकली. मागच्या खेपेला उठून गेले, राग मानू नका, म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, ते त्यात हायत का?

बाईंनी सगळी नोंद मोठ्यानं वाचली. ऐकायला बंदी नव्हती. नाव आलं तेव्हा म्हातारीनं पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घालून ऐकलं.

"कुटं लिवलंय?" तिनं विचारलं.

बाईंनी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. सुरकुतलेलं बोट तिथं बराच वेळ राहिलं.

"अन् पोराचं?"

बाईंनी बोट खालच्या ओळीवर नेलं. कासाबाई वाकली. तिनं बोट पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं, परत एकदा वर नेलं. अक्षरओळख नसलेली ती बाई दोन्ही शब्द काना-मात्रेसकट ताडून पाहत होती.

"केवळा, हिकडं ये," तिनं सुनेला हाक मारली. "बघ गं, दोन्हीबी सारकेच दिसायलेत."

केवळाबाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि सासूच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.